सू-गंध

बाळाला बघायला ऑफिसमधले चौघं शनिवारी संध्याकाळी टपकतात. दार उघडतं, 'सो क्यूट'चा गजर होतो आणि त्यातल्या एकाचं नाक अगदी नकळत, अर्ध्या सेकंदापुरतं आक्रसतं. तुम्हाला ते कळतही नाही, कारण तुम्हाला तो वास येतच नसतो. नाकाची खोडच आहे ही. एकच वास सतत मिळाला की थोड्या वेळाने ते त्याची दखल घेणं बंद करतं. त्यामुळे घरात डायपरचा वास येतो का, हे घरातल्यांना विचारण्यात काही अर्थ नाही. दोन तास बाहेर भटकून या. परत आल्यावर दार उघडताच घेतलेला पहिला श्वास खरं काय ते सांगतो.

मग सुरू होते पळापळ. पूर्वी रूम फ्रेशनरचा फवारा मारला की काम भागायचं. आता आपण सगळे 'नॅचरल'वाले झालोय, त्यामुळे कापूर, धूप, डिफ्युझरमध्ये गवती चहाचं तेल. रिझल्ट काय? आधी नुसती सू होती, आता गवती चहा प्लस सू!

मुळात वास येतो कशाचा? ताज्या सूला फारसा वास नसतो. तिच्यातला युरिया जिवाणू फोडतात, त्यातून अमोनिया सुटतो आणि तोच नाकात चढतो. म्हणजे ओल, ऊब आणि वेळ हे तीन गुन्हेगार. डायपरमधली जेल (ब्रँड कुठलाही असो, आपल्याकडे सगळे त्याला हगीजच म्हणतात) पाणी धरून ठेवते, वास नाही. शीचं गणित वेगळं. बाळ फक्त आईच्या दुधावर असतं तोवर वास आंबूस आणि सौम्य. सहा महिन्यांनंतर उष्टावण होऊन वरणभात सुरू झाला, की मग खरी परीक्षा.

आता त्या 'नॅचरल' उपायांबद्दल. इथे जरा थांबूया, कारण यातले काही उपाय वासापेक्षा वाईट आहेत. कापूर देवघरात ठीक, पण पाळण्याला बांधलेली कापराची पुरचुंडी किंवा डस्टबिनमध्ये टाकलेल्या वड्या नकोत. रांगणारं बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं, आणि कापूर पोटात गेला तर लहान मुलाला काही मिनिटांत झटके येऊ शकतात. डांबर गोळ्या तर नैसर्गिकही नाहीत, तरी बाळाच्या कपड्यांच्या कपाटात हमखास सापडतात. 'जी-६-पीडी' नावाचं एन्झाइम ज्या बाळांमध्ये कमी असतं, त्यांच्या लाल रक्तपेशी या गोळ्यांच्या संपर्कात फुटू लागतात आणि जोराची कावीळ होऊ शकते. आपलं बाळ त्यातलं आहे का, हे बहुतेक आईबाबांना माहीतच नसतं.

सगळ्यात नाजूक विषय म्हणजे धुरी. शेगडीवरच्या निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा टाकायचा आणि खोलीभर धूर करायचा. वास छान येतो, घर बाळंतिणीचं वाटतं, सासूबाई खूश. पण धूर तो धूरच, मग तो ओव्याचा का असेना. बाळाच्या इवल्याशा फुप्फुसांना फरक कळत नाही, आणि टू बीएचकेच्या बंद बेडरूममध्ये तो जाणार तरी कुठे? यावरून घरात महाभारत नको असेल तर एक सोपी युक्ती आहे. पुढच्या लसीच्या वेळी सासूबाईंना किंवा आईला बरोबर न्या आणि बालरोगतज्ज्ञांना त्यांच्यासमोरच विचारा. आपण सांगितलं तर 'चार पुस्तकं वाचली म्हणून…', डॉक्टरांनी सांगितलं तर 'बरं बाई'. निलगिरी, पेपरमिंटची तेलंसुद्धा बाळाच्या खोलीबाहेरच बरी.

मग करायचं काय? खरं सांगायचं तर उपाय बोअरिंग आहेत. शी आधी कमोडमध्ये झटकायची, डायपर मात्र चुकूनही फ्लश करायचा नाही. मग तो घट्ट गुंडाळून त्याच्याच टेपने बंद करायचा. डस्टबिन झाकणाचा आणि मुद्दाम छोटा घ्या. मोठा घेतला की 'उद्या टाकू' होतं, आणि तो 'उद्या' परवा उजाडतो. तो किचनच्या ओट्याखाली नको, ड्राय बाल्कनीत सावलीला ठेवा. तळाशी वर्तमानपत्र आणि त्यावर दोन चमचे खायचा सोडा.

सोडा आणि व्हिनेगर यांची कामं वेगळी आहेत, इथेच अनेकांचा घोळ होतो. अमोनिया अल्कली, म्हणून सूच्या वासावर व्हिनेगरसारखं आम्ल चालतं. शीच्या आंबूस वासावर सोडा. दोन्ही एकत्र ओतले की मस्त फेस येतो, व्हिडिओत भारी दिसतो, पण दोघं एकमेकांनाच संपवतात आणि तुमच्या हाती खारट पाणी उरतं. आणि व्हिनेगर ब्लीचमध्ये तर कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. किराणा दुकानातल्या स्वस्त पांढऱ्या व्हिनेगरच्या बाटलीवर बहुतेक वेळा 'सिंथेटिक' लिहिलेलं असतं. कट्टर नॅचरलवाल्यांनी वाईट वाटून घेऊ नये, काम तेच करतं.

गादीवर सू झाली तर घासू नका, आत मुरते. जुन्या पंचाने दाबून टिपा, अर्धं पाणी आणि अर्धं व्हिनेगर शिंपडा, पूर्ण वाळू द्या. मग सोडा भुरभुरवून रात्रभर ठेवा आणि सकाळी व्हॅक्यूम करा. आणि पुढच्या वेळेसाठी चादरीखाली मेणकापड!

लंगोटवाल्या घरांत वास साठतो तो रात्रीच्या लंगोटांमध्ये. सकाळी उठल्याउठल्या ते साध्या गार पाण्यातून काढा, संध्याकाळी ऑफिसहून आल्यावर नाही. पावडर कमी, खळबळणं जास्त. फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याने कापड पाणी शोषेनासं होतं. शेवटच्या बादलीत थोडं व्हिनेगर, आणि मग ऊन. उन्हाला तोड नाही. पण जुलैत मुंबई-पुण्यात ते आणायचं कुठून? पंख्याखाली वाळवा आणि वरून कडक इस्त्री फिरवा. अर्धवट ओला लंगोट घडी करून ठेवला की कुबट वास आलाच म्हणून समजा.

दोघंही नोकरीवाले असलेल्या घरांत आणखी एक होतं. बाळ सांभाळणाऱ्या मावशी दिवसभर एसी लावून खिडक्या बंद ठेवतात, डास येतात म्हणून. घराचा पार डबा होतो. खिडक्यांना जाळी लावून घ्या आणि सकाळ-संध्याकाळ समोरासमोरच्या दोन खिडक्या अर्धा तास उघड्या ठेवा. उग्र वास आणि गडद, कमी सू असं एकदम दिसलं, तर मात्र डस्टबिन नाही, बाळ तपासून घ्यायला हवं. पोटात पाणी कमी जातंय का किंवा इन्फेक्शन आहे का, ते डॉक्टर बघतील.

आणि तो डायपर शेवटी जातो कुठे? पुण्यात दारोदार कचरा घेणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताई बऱ्याच ठिकाणी कचरा हातानेच वेगळा करतात. आपल्या नाकाला दोन मिनिटं सहन होत नाही ते त्यांच्या हाताला रोज लागतं. म्हणून डायपर-पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, असं तिथे सांगितलं जातं. पुडी न उघडताच आत काय आहे ते कळतं. एक जुना पेपर आणि लाल स्केचपेन, दोन्ही त्या ड्राय बाल्कनीतल्या डस्टबिनशेजारी टांगून ठेवा. स्केचपेनला दोरी बांधा, नाहीतर ते आठवड्याभरात बाळाच्या तोंडात सापडेल.