उपरोधाचा रतीब

न्यूयॉर्कच्या जॉन स्ट्युअर्ट यांच्याविषयी एक प्रश्न अलीकडे पुनःपुन्हा विचारला जातो. जानेवारी 1999 मध्ये 'द डेली शो' या दूरचित्रवाणीवरील उपरोधिक वार्तापत्राची सूत्रे ज्यांनी हाती घेतली, आठवड्यातून चार रात्री याप्रमाणे सोळा वर्षांहून अधिक काळ ज्यांनी अमेरिकेच्या राजकारणातील दंभाची आणि असत्याची झडती घेतली, 6 ऑगस्ट 2015 रोजी ज्यांनी स्वखुषीने निरोप घेतला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये केवळ सोमवारपुरते जे त्याच मेजामागे पुन्हा रुजू झाले, ते स्ट्युअर्ट आता थकले आहेत काय? त्यांच्या विनोदातील उल्हास ओसरून त्याची जागा त्राग्याने घेतली आहे काय? हे विचारणारे बहुधा त्यांचे चाहतेच असतात. परंतु त्यांच्या स्वरात काळजीपेक्षा तगादा अधिक ऐकू येतो, दुधाचा रतीब चुकल्यावर गवळ्याला विचारणा व्हावी तसा.

या थकव्याचे कारण त्या एका माणसाच्या प्रकृतीत शोधणे मला व्यर्थ वाटते. ते रोजच्या रतिबात आहे, आणि हा रतीब लावून घेणारे आपणच आहोत. उपरोध ही समाजाची नैमित्तिक गरज आहे; तिला नित्याचे अन्न करून टाकले की शिजवणारा आणि जेवणारा दोघांचीही रुची मरते. हे म्हणणे जयपूरच्या एका मोहल्ल्यातील उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल.

जयपूर म्हटले की मराठी माणसास प्रथम अल्लादियाखाँसाहेबांच्या घराण्याची गायकी आठवते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु 1727 मध्ये हे नगर वसविणाऱ्या सवाई जयसिंहाच्या दरबाराशी आपला संबंध त्याहून पुष्कळ जुना. ज्योतिषी जगन्नाथ सम्राट आणि राजपुरोहित रत्नाकर पौंडरीक हे दोघेही महाराष्ट्रीय पंडित जयसिंहाच्या आश्रयास होते, आणि पौंडरीकांच्या नावाची, भित्तिचित्रांनी नटलेली हवेली ब्रह्मपुरीत आजही उभी आहे. याच ब्रह्मपुरीत होळीच्या सुमारास भट्ट घराण्याचा तमाशा होतो. आपल्याकडील ढोलकीफडाच्या तमाशाहून त्याची घडण निराळी. येथे उंच रंगमंच नाही, पडदा नाही, नेपथ्याचा सरंजाम नाही. मोकळ्यावरचा आखाडा, सभोवार जमिनीवर दाटीने बसलेली पोरेबाळे आणि वडीलधारी मंडळी, घरांच्या गच्च्यांवरून वाकून पाहणाऱ्या बायका, एका कडेला हार्मोनियम, तबला आणि सारंगी घेऊन बसलेले साथीदार, आणि मधल्या मोकळ्या जागेत पायांत घुंगरू बांधून रागदारीच्या चालीवर संवाद गात, एकेका दिशेच्या प्रेक्षकांपुढे जाऊन तीच ओळ निराळ्या आविर्भावाने पुन्हा म्हणणारा नट. परंपरा बंशीधर भट्टांपासून सांगितली जाते आणि तिला दोन शतकांहून अधिक काळ लोटला आहे. गोपीजी भट्ट, वासुदेव भट्ट, दिलीप भट्ट अशी पिढ्यान्‌पिढ्यांची नावे या आखाड्याशी जोडलेली आहेत.

आख्याने जुनी आहेत, हीर-रांझ्याची, जोगी-जोगनची, गोपीचंदाची. परंतु त्या जुन्या कथेच्या आडून चालू कारभाराचा समाचार घेण्याची मुभा नटाला असते, आणि 'जुट्ठन मियाँ' या खेळात तर ती मुभा हाच खेळाचा प्राण होय. ज्याच्यावर टोला बसतो तो कधी कधी प्रेक्षकांतच बसलेला असतो, आणि त्यालाही हसावे लागते, कारण बोलणारा जुट्ठन मियाँ असतो. भट्टांपैकी कोणी नसतो. दुसऱ्या दिवशी तोच नट बाजारात भाजी घेताना दिसला तर त्याला कोणी जाब विचारीत नाही, आणि आज कोणावर बोलणार असेही कोणी विचारीत नाही. सणांचे दिवस सरले की घुंगरू उतरतात. मग वर्षभर हा मनुष्य गृहस्थ असतो, आपले काम करतो, रियाज करतो, मुलाला ओळी शिकवतो, आणि गावात काय चालले आहे ते एका साध्या रहिवाशाच्या डोळ्यांनी पाहतो. पुढल्या होळीला जो विनोद तो करील तो या साध्या पाहण्यातून आलेला असतो. या कलेला विपत्ती चुकल्या असे नव्हे. 1949 मध्ये संस्थान राजस्थानात विलीन झाल्यावर दरबारचा आश्रय संपला आणि मोहल्ल्याच्या जिव्हाळ्यावर व सरकारी अनुदानांवर दिवस काढणे नशिबी आले. परंतु दारिद्र्य सोसूनही तिची धार बोथटली नाही, याचे श्रेय मी सणांमधल्या त्या लांब विसाव्याला, अंगावर चढवलेल्या त्या सोंगाला आणि पुढली ओळ उचलायला तयार असलेल्या मुलाला देतो.

आता दूरचित्रवाणीवरील दैनिक उपरोधाची रीत पाहावी. सकाळी लेखकांची बैठक बसते. आदल्या दिवसभरातील भाषणे, मुलाखती, पत्रकार परिषदा यांच्या चित्रफिती पाहिल्या जातात. दुपारपर्यंत मजकूर तयार होतो, रंगीत तालीम होते, तालमीत पडलेले विनोद कापून नवे घातले जातात, सायंकाळी प्रेक्षकांसमोर चित्रीकरण होते आणि रात्री अकराला ते घरोघर पोचते. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी कोरी. या रहाटात जो सापडला त्याला जगातील अत्यंत हीन बोलणे सकाळपासून ध्यानपूर्वक ऐकावे लागते, कारण तोच त्याचा कच्चा माल. सामान्य नागरिक वृत्तपत्र मिटून बाजूस ठेवू शकतो. याला ती सवलत नाही. शिवाय त्याच्या अंगावर कोणतेही सोंग नाही. तो स्वतःच्या नावाने, स्वतःच्या चेहऱ्याने, स्वतःच्या संतापाने बोलतो, आणि तो संताप रोज ठरलेल्या घटकेला हजर राहिला पाहिजे असा करार असतो. हे जाणूनच की काय, जॉन ऑलिव्हर यांनी 2014 पासून आपला कार्यक्रम आठवड्यातून एकदाच ठेवला आणि एकेका विषयाला बराच वेळ दिला; आपल्याकडे सायरस ब्रोचा यांचा 'द वीक दॅट वॉझन्ट' दहा वर्षांहून अधिक टिकला तोही साप्ताहिक होता. स्ट्युअर्ट यांनीही परत येताना सोमवार तेवढा स्वतःकडे ठेवला आणि उरलेले वार तरुण सहकाऱ्यांत वाटून दिले. पुष्कळांना ही माघार वाटली. मला ती शहाणपणाची तजवीज वाटते. भट्ट घराण्याला जे परंपरेने मिळाले ते त्यांनी करारनाम्यात लिहून घेतले.

येथे कोणीही जाणता वाचक आर. के. लक्ष्मण यांचे नाव पुढे करील, आणि त्याचा आक्षेप बिनतोड वाटेल. 1951 पासून 'यू सेड इट' ही चौकट पाच दशकांहून अधिक काळ चालली, आणि ती साप्ताहिक नव्हती. मुंबईच्या कचेरीत बसून दररोज एक चित्र, देशात काहीही घडो. हा रतीब नव्हे तर काय? मी बराच काळ या चित्रांपुढे थांबलो आहे, आणि मला त्यांचे रहस्य त्या चौकड्यांच्या कोटातील धोतर नेसलेल्या गृहस्थाच्या मौनात सापडते. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन' कधी बोलत नाही. मंत्री बोलतो, बाबू बोलतो, कंत्राटदार बोलतो. हा चष्म्यातून पाहतो. संतापण्याची जबाबदारी लक्ष्मण यांनी ना स्वतःवर घेतली ना त्याच्यावर टाकली. ती वाचकावर सोपवली. म्हणून त्या गृहस्थाचा चेहरा पाच दशके पाहूनही उबग येत नाही. आणि दुसरे असे की लक्ष्मण यांना कावळ्यांचे अपार वेड होते. राजकारणाशी सुतराम संबंध नसलेले कावळे ते आयुष्यभर प्रेमाने रेखाटत राहिले, उडणारे, मान वाकडी करणारे, पंख झाडणारे. ज्याला रोज मंत्र्यांची तोंडे काढावयाची असतात त्याने आपल्या आनंदासाठी असा एखादा पक्षी राखून ठेवणे ही चैन नाही, ती त्याच्या धंद्याची गरज आहे. 2003 मध्ये पक्षाघाताने त्यांना गाठले, तरीही हात सावरताच चित्रे पुन्हा येऊ लागली.

थकव्याचे आणखी एक कारण आहे आणि ते मला अधिक गंभीर वाटते: आपल्या उपरोधाने काही बदलताना न दिसणे. याउलट उदाहरण जुने आहे. शिवराम महादेव परांजपे यांनी 1898 मध्ये 'काळ' हे साप्ताहिक सुरू केले. राजद्रोहाच्या कायद्याखाली सरळ बोलण्याची सोय नव्हती, म्हणून त्यांनी वक्रोक्तीला असे तयार केले की स्तुतीच्या प्रत्येक वाक्यात धिक्कार वाचता यावा. दहा वर्षे ही लेखणी आठवड्यागणिक चालली. 1908 मध्ये खटला झाला, शिक्षा झाली. सुटून आल्यावर 1910 च्या प्रेस कायद्याने 'काळ'चा गळा आवळला. त्या दहा वर्षांत परांजपे दमल्याची खूण मला त्यांच्या लेखनात दिसत नाही, आणि याचे कारण असे की त्यांचा वाचक हसून उठत नव्हता, हसून अस्वस्थ होत होता. ओळींमधला अर्थ तो घरी नेई, मित्रांत बोले, कित्येकांनी पुढे आयुष्याची दिशा बदलली. आपल्या वक्रोक्तीला किंमत आहे हे सरकारनेच तुरुंगाची शिक्षा ठोठावून मान्य केले होते. आजच्या उपरोधकाच्या पुढे हशा पिकतो, टाळ्या पडतात, तो तुकडा हजारो लोक एकमेकांना धाडतात, आणि ज्या मंत्र्याविषयी तो बोलला तो मंत्री पुढल्या निवडणुकीत अधिक मतांनी निवडून येतो. हे वर्षानुवर्षे पाहणारा मनुष्य खचला तर नवल नाही.

स्ट्युअर्ट यांच्याच चरित्रातील एक प्रसंग येथे आठवतो. 11 सप्टेंबर 2001 च्या ढिगाऱ्यात काम करून दुर्धर आजार जडलेल्या अग्निशामक जवानांचा आणि पोलिसांचा भरपाईचा निधी संपत आला होता. जून 2019 मध्ये ते अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे साक्षीला बसले, समोरच्या बहुतेक खुर्च्या रिकाम्या पाहून गहिवरले आणि भडकले, आणि एकही विनोद न करता त्यांनी सभासदांना त्यांच्या अनुपस्थितीचा जाब विचारला. त्यांच्या शेजारी बसून साक्ष देणारा एक निवृत्त पोलीस अधिकारी त्याच महिन्यात कर्करोगाने वारला. जुलैमध्ये कायदा झाला आणि 2090 पर्यंत दावे दाखल करण्याची तरतूद झाली. सोळा वर्षांच्या हशाने काही साधले की नाही याविषयी वाद घालता येईल; त्याच्या तुलनेत त्या एका सकाळच्या सरळ बोलण्याचे फळ कागदावर मोजता येते. ज्याला हा अनुभव आला त्याला मेजामागे बसून पुन्हा भुवई उंचावताना कधीमधी अपुरेपणा वाटत असेल, तर त्याला आपण थकवा म्हणावे काय? मी त्याला विवेक म्हणेन.

राजस्थानात या अपुरेपणाची दोन निरनिराळी उत्तरे सापडतात. 'राजस्थान पत्रिके'चे संस्थापक कर्पूरचंद्र कुलिश 'पोलमपोल' या नावाखाली ढूंढाडी बोलीत पद्यमय टोले लिहीत. जयपूरच्या राज्यकर्त्यांना ते चांगलेच झोंबत. उत्तरायुष्यात हाच मनुष्य वेदांच्या अध्ययनात बुडून गेला. आणि आपल्या काळात पंतप्रधानांची हुबेहूब नक्कल करून नावारूपास आलेले श्याम रंगीला, हेही राजस्थानचेच, नक्कल पुरेशी वाटेनाशी झाली तेव्हा 2024 मध्ये वाराणसीतून निवडणूक लढवण्यास निघाले. त्यांचा उमेदवारी अर्ज फेटाळला गेला. एकाने विषय बदलला, दुसऱ्याने आखाडाच बदलू पाहिला. दोघांच्याही ठायी मला पराभव दिसत नाही. केवळ हसवीत राहण्याने मन भरत नाही, हे दोघांनाही उमगले होते.

तेव्हा तक्रार करावयाची असेल तर ती विदूषकाकडे करू नये. वार्ताहराने खोदून काढावे, संपादकाने स्पष्ट बोलावे, विरोधी पक्षाने सभागृहात अडवावे, न्यायालयाने वेळेवर निकाल द्यावा, ही कामे ज्यांची त्यांनी सोडली आणि ती सारी एका हसवणाऱ्या माणसाच्या खांद्यावर येऊन पडली. कित्येक तरुण मला सांगतात की आम्हाला बातम्या या विनोदी कार्यक्रमांतूनच कळतात, आणि ते हे कौतुकाने सांगतात. मला ते ऐकून भीती वाटते. वृत्तपत्रांनी तर दुहेरी अपराध केला. स्वतःचे काम टाकले आणि ज्यांच्यावर टाकले त्यांनाही सांभाळले नाही. 'न्यूयॉर्क टाइम्स'सारख्या बलाढ्य पत्राने एका चित्रावरून वाद झाल्यावर 1 जुलै 2019 पासून आपल्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीतील रोजची राजकीय व्यंगचित्रेच बंद केली.

मराठी वृत्तसृष्टीत उपरोधाची परंपरा अद्याप जिवंत आहे, पण ती मूठभर लेखण्यांवर आणि कुंचल्यांवर तोललेली आहे, आणि त्या मूठभरांकडून आपण वर्षाचे बारा महिने सारख्याच धारेची अपेक्षा करतो. संपादकांनी त्यांना पगारी रजा द्यावी, आठवड्याचे वार दोघातिघांत वाटावेत, नव्या हातांना जुन्यांच्या शेजारी बसवून शिकू द्यावे, त्यांच्यावर खटला गुदरला तर वकिलाचा खर्च संस्थेने उचलावा. आणि ज्या दिवशी उपरोधाची चौकट रिकामी राहील त्या दिवशी तेथे उसना विनोद किंवा जाहिरात न भरता, ज्या प्रकरणावर तो उपरोध व्हायचा त्याच प्रकरणाची साधी, सरळ, लिहिणाऱ्याच्या नावानिशी बातमी छापावी.