फी माफ झाली, रंगांचं काय?

परवा रात्री दुकानाचं शटर ओढायच्या वेळी आमच्या गल्लीतली एक मुलगी आली. उपयोजित कलेचं दुसरं वर्ष नुकतंच संपवलंय तिनं. म्हणाली, "काका, मला कामाला ठेवता का? कोरल येतं, फोटोशॉप येतं. कॉलेज सोडावं म्हणते."

खरं सांगतो, माझ्या मनात पहिला विचार आला तो "बरं झालं" हाच. फ्लेक्स आणि डिझाइनचं दुकान आहे माझं. गणपती तोंडावर आलेत, माणूस हवाच होता. आणि या पोरीचा हात मी ती सातवीत एलिमेंटरीला बसली तेव्हापासून बघतोय. दहा-बारा हजारांत असा हात कुठं मिळतो?

मग घरी गेलो आणि स्वतःचीच लाज वाटली. दोन दिवस तेच डोक्यात घोळतंय म्हणून हे लिहितोय. थोडं लांबलंय, पण अ‍ॅडमिशनचे दिवस आहेत, तुमच्याही घरात कुणीतरी "मला आर्टला जायचंय" म्हणत असेल. तेव्हा वाचा.

आधी मला वाटलं, नापास झाली असेल किंवा घरी लग्नाचं बघत असतील. तसं काहीच नाही. मार्क चांगले आहेत. फीसुद्धा बहुतेक सगळी सवलतीत गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या आईला विचारलं. वहिनी फॉल-पिकोचं आणि ब्लाउज शिवायचं काम करतात. त्यांनी कपाटातून एक वही काढून माझ्यासमोर ठेवली. गिऱ्हाइकांची मापं लिहायची वही, पण मागच्या पानांवर लेकीचा खर्च लिहिलेला. कार्ट्रिज शीट, पोस्टर कलर, ब्रश, हँडमेड पेपर, माउंट बोर्ड, कटर, फोम शीट, रंगीत प्रिंट, परत रंगीत प्रिंट, परत रंगीत प्रिंट. वर्षाची बेरीज एकतीस हजार सातशे. यात खोलीचं भाडं नाही, मेस नाही. लॅपटॉप नाही, कारण लॅपटॉप घेतलेलाच नाही. मैत्रीण झोपली की तिच्या लॅपटॉपवर पोरगी रात्री काम करायची.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, फी माफ आहे म्हणून पाठवली. हे कुणी सांगितलंच नव्हतं."

माझा सगळा मुद्दा वहिनींच्या या एका वाक्यात आहे. कॉमर्सला, आर्ट्सला गेलेल्या मुलाला वह्या-पुस्तकं लागतात, ती लायब्ररीत मिळतात, जुनीही चालतात. इंजिनिअरिंगच्या मुलाला मशीन लागतं, ते कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये असतं. कलेच्या मुलाला मात्र शिकण्यासाठी जे लागतं, ते दर आठवड्याला स्वतःच्या खिशातून आणावं लागतं आणि ते वापरून संपतं. चाळीस मगांची स्केचेस केल्यावर एक्केचाळीसावा मग मगासारखा दिसतो. ती आधीची चाळीस कागदं कुणाच्या पैशानं आणायची? पोस्टरचं आधी स्क्रिबल, मग रफ, मग फायनल. त्यात ज्युरीत सर म्हणाले, "अक्षर बसलं नाही, परत कर," तर परत करावंच लागतं. तसं म्हणण्यात सरांचं काही चुकत नाही, शिकणं त्यालाच म्हणतात. पण ज्याच्याकडे दुसऱ्या प्रिंटचे पैसे नाहीत, तो पहिल्याच प्रयत्नावर थांबतो. हळूहळू वर्गात "याचं काम कच्चं असतं" असं त्याचं नाव पडतं. कच्चा तो नसतो, त्याचे कागद संपलेले असतात.

मी हे बघितलंय, कारण मी त्यातूनच आलोय. माझे वडील पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, निवडणुकीच्या भिंती. १९९४ ला मी कोल्हापुरात शिकायला गेलो तेव्हा ब्रश वडिलांचेच घेऊन गेलो. बाकीच्या पोरांकडे रंगांचा पूर्ण सेट, माझ्याकडे पांढरा, काळा आणि तीन मूळ रंग. तेवढ्यात भागवलं, आणि रंग मिसळायला शिकलो हा त्यातला फायदा म्हणा. पण पुढच्या वर्षांना ते पुरेना. एक सीनियर होता, वर्ष संपलं की उरलेल्या ट्यूब, अर्धे कागद, जुना ड्रॉइंग बोर्ड सगळं ज्युनियरच्या डाँकीवर ठेवून जायचा. त्याच्यामुळं माझा डिप्लोमा झाला. सरकारी योजनेनं नाही, एका चांगल्या पोरामुळं. आता तर खर्च नुसत्या रंगांचा राहिलेला नाही. लॅपटॉप, सॉफ्टवेअरचं महिन्याचं भाडं, पेन टॅब्लेट, प्रिंट. या गोष्टी कुणी डाँकीवर ठेवून जात नाही.

आता लोक काय म्हणणार ते मला माहीत आहे, कारण दुकानात रोज ऐकतो.

पहिलं, "बाबूराव पेंटर कुठल्या कॉलेजात गेले होते?" आपल्या कोल्हापूरकरांचं हे आवडतं वाक्य. खरंय, नव्हते गेले. पण आनंदराव आणि बाबूराव या भावांना नाटकाचे पडदे रंगवायची कामं होती. रंग, कापड, जागा आणि शिकणं हे सगळं कामातच मिळायचं. आबालाल रहिमान तर जे.जे.त शिकून आले आणि शाहू महाराजांनी त्यांना दरबारात चित्रकार म्हणून आश्रय दिला. म्हणजे प्रत्येकाच्या मागं रंगांचे पैसे देणारं कुणीतरी होतं. आज पडदे नाहीत, दरबार नाही. माझ्या वडिलांसारख्या पेंटरची दुकानं फ्लेक्स आल्यावर पाच-सहा वर्षांत बंद पडली, तिथं पोरं हाताखाली शिकायची तेही संपलं. उरलं फक्त कॉलेज. मग कॉलेजनं ती जागा भरून काढायला नको?

दुसरं, "आता सगळं एआय करतंय, शिकायचं कशाला?" मागच्या महिन्यात एक गिऱ्हाईक मोबाइलवर एआयनं केलेलं पोस्टर घेऊन आलं. चित्र झकास. खाली मराठी म्हणून जे काही आलं होतं, त्यात जोडाक्षरांचा पार चिवडा झाला होता, आणि मावळ्याच्या एका हाताला सहा बोटं. "एवढं जरा नीट करून द्या," म्हणाला. ते "एवढं जरा" करायला साडेतीन तास लागले. हे दोष उद्या सुधारतील, मान्य. पण चित्र चुकलंय हे ओळखायला डोळा लागतो, आणि तो डोळा मगाची चाळीस चित्रं काढूनच येतो. ज्याच्याकडे तो नाही, त्याच्या हातात कितीही भारी मशीन द्या, मशीननं दिलेलं तो तसंच छापणार.

तिसरं, "चित्रं काढणं हा हौसेचा भाग आहे, त्यासाठी लोकांच्या करातून पैसे कशाला?" याचं उत्तर कुठल्याही एसटी स्टँडवर उभं राहून शोधा. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागते हे चष्मा विसरलेल्या आजीला लांबून वाचता येतं का? औषधाच्या पट्टीवरची तारीख? सरकारी फॉर्ममधला नेमका कुठला रकाना आपण भरायचा? हे सगळं डिझाइन आहे. ते वाईट असलं की त्रास त्यालाच होतो ज्याला विचारायला सोबत कुणी नसतं. विंडोजवर मराठी टाइप करताना वर्षानुवर्षं जो मंगल फॉन्ट आपण वापरला, तो र. कृ. जोशी यांनी केलेला. ते जे.जे.त उपयोजित कला शिकलेले, पुढं आयआयटी मुंबईच्या आयडीसीत शिकवलं. सार्वजनिक पैशानं चालणाऱ्या संस्थेत एक माणूस अक्षर शिकला आणि कोट्यवधी लोकांना आपली भाषा स्क्रीनवर वाचता आली. याला हौस म्हणायचं?

आणि सरकारनं हा खर्च पूर्वीपासून केलेलाच आहे. मुंबईत जे.जे. १८५७ पासून आहे. अहमदाबादची एनआयडी १९६१ ची, आयडीसी १९६९ ची. २०२३ मध्ये जे.जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्याचाही आनंदच आहे. पण मोठ्या संस्थेचा दर्जा वाढला म्हणून जिल्ह्याच्या कॉलेजातल्या पोरीच्या हातात कागद येत नाही. एकीकडं मोठ्या शहरांत वर्षाला काही लाख फी घेणारी खासगी डिझाइन कॉलेजं निघालीत. तिथल्या मुलांबद्दल मला काही म्हणायचं नाही, मेहनत तीही करतात. पण उद्या आपल्या पाट्या, पुस्तकं, अ‍ॅप, जाहिराती फक्त त्याच घरांतली मुलं करणार असतील, तर एसटी स्टँडवरची आजी त्यांना आठवणार कशी? त्यांनी एसटी बघितलेलीच नसते.

ज्या जिल्ह्यात आपण राहतो तिथं ही गोष्ट शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कळलेली होती. शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि मग एकेका समाजासाठी बोर्डिंगं उभी राहत गेली. शाळा होत्याच की. पण खेड्यातलं पोरगं शाळेसाठी कोल्हापुरात आलं तर राहणार कुठं, खाणार काय, हा प्रश्न त्यांनी विचारला. शिकायला फीपलीकडं काय लागतं, हे विचारणं म्हणजे बोर्डिंग. कलेच्या बाबतीत तोच प्रश्न आज विचारला तर उत्तर येतं, कागद, रंग, मशीन आणि रात्री नऊपर्यंत उघडा असलेला स्टुडिओ.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक सरकारी आणि अनुदानित कला महाविद्यालयात साहित्य पेढी हवी. लायब्ररीसारखीच. ड्रॉइंग बोर्ड, पेन टॅब्लेट, कॅमेरा, लॅपटॉप कार्डावर घरी न्यायचे आणि परत करायचे. कागद आणि रंग घाऊक भावात आणून, ज्यांचं उत्पन्न कमी आहे त्यांना वर्षाला ठरावीक साहित्य मोफत द्यायचं. आणि शिष्यवृत्तीच्या हिशेबात कलेच्या मुलांसाठी "साहित्य" हा वेगळा रकाना हवा. कॉलेजांनीसुद्धा अ‍ॅडमिशनच्या वेळी फीच्या शेजारी साहित्याचा अंदाजे खर्च लिहावा. वहिनींना दोन वर्षांपूर्वी तो आकडा दिसला असता, तर त्यांनी निदान तयारी तरी केली असती.

आता माझंही सांगतो, नाहीतर हे नुसतं शहाणपण होईल. माझ्या दुकानात तीन पोरं आहेत. तिघंही आर्टचं शिक्षण अर्धवट सोडून आलेली. एक फाउंडेशननंतर, दोघं दुसऱ्या वर्षानंतर. चांगली पोरं आहेत, पण आठ वर्षांनीही तेच टेम्प्लेट उघडतात, फोटो बदलतात आणि वाढदिवसाचा फ्लेक्स पाठवतात. मी त्यांना कधी विचारलंच नाही की का सोडलं. मला स्वस्तात माणसं मिळत होती ना. जिल्ह्यातली बरीचशी दुकानं अशीच अर्धवट सुटलेल्या पोरांवर चालतात आणि आम्ही दुकानदार मिटिंगमध्ये ओरडतो की चांगले डिझायनर मिळत नाहीत. त्यात माझाही वाटा आहे.

त्या मुलीला मी पूर्ण वेळ कामाला नाही ठेवलं. सुट्टी संपेपर्यंत दुपारी येईल, पगार घेईल. कॉलेज सुरू झाल्यावर तिच्या सबमिशनचे प्रिंट माझ्या मशीनवर निघतील, त्याचे पैसे नाहीत. दुकानातला एक जुना पीसी संध्याकाळी मोकळा असतो, सुट्टीत घरी आली की तोही वापरेल. लॅपटॉपचं अजून जमलेलं नाही. तिसऱ्या वर्षाचा फॉर्म भरायला अजून आठवडा आहे. भरेल की नाही, मला माहीत नाही. "बघते काका" एवढंच म्हणालीय.

तुमच्याकडे काय आहे ते बघा. कपाटावर पडलेला ड्रॉइंग बोर्ड, पोरानं सोडून दिलेला टॅब्लेट, चालू स्थितीतला लॅपटॉप, न फोडलेल्या रंगांच्या पेट्या. दुकानात आणून द्या, मी वहीत नोंद ठेवतो आणि गरजू मुलांपर्यंत पोचवतो. जे प्रिंटिंगच्या धंद्यात आहेत, त्यांनी महिन्यातून एक दिवस कलेच्या मुलांचे प्रिंट कागदाच्या भावात काढून द्यावेत. आणि जे कुणी पदावर आहेत किंवा पदावरच्या लोकांना ओळखतात, त्यांनी साहित्य पेढीचं वर पोचवावं. निवेदन मी लिहून ठेवलंय, सह्या पाहिजेत.

ज्यांनी पैशापायी असं शिक्षण अर्धवट सोडलं, त्यांनी कमेंटमध्ये कितवं वर्ष होतं तेवढं लिहा. नाव नको असेल तर मेसेज करा. निवेदनासोबत तो कागद जोडायचाय.