कालवणाची नोंद कुठं हाय?



मृग लागला, ओढ्याला लाल पाणी आलं की बत्त्या घेऊन चढणीचे मासे धरायला आपल्यापैकी कोण गेलं नाही? पोरं पाट्या धरतात, गडी पाग टाकतात, दोघी बाया जुन्या लुगड्याची टोकं धरून पाणी गाळतात. दुसऱ्या दिवशी घरोघर कालवण. उरलं ते मीठ-हळद लावून उन्हात. आठ दिवस बाजाराची वाट बघावी लागत नाही.

आता सांगा, ह्याची नोंद कुठं आहे? तलाठ्याकडं? ग्रामसेवकाकडं? वनखात्याकडं? कुठंच नाही. ह्याच गोष्टीवर मला चार शब्द बोलायचे आहेत.

मी इंदापूर तालुक्यातला, उजनी धरणाच्या फुगवट्याकाठचा. जातीनं भोई. तुमच्यासारखा डोंगरातला नाही, पण पाणी आपलं एकच आहे. भीमा उगवते भीमाशंकरच्या रानात, तुमच्या गावांच्या अंगाखांद्यावर. आंबेगावची घोड नदी पुढं तिलाच मिळते. ते सगळं पाणी खाली येऊन उजनीत थांबतं. तुमच्या ओढ्यात काय घडतं ते आमच्या जाळ्यात दिसतं. म्हणून पत्रिकेच्या साथींनी "मासळीवर लिही" म्हटलं तेव्हा नाही म्हणालो नाही.

दोन वर्षांमागं आमच्या वस्तीवर कागद घेऊन एक जण आला. घरोघर विचारत होता, "मुख्य धंदा काय?" माझी चुलती म्हणाली, "मजुरी करतो, मासं बी धरतो." त्यानं लिहिलं, शेतमजूर. चुलती म्हणाली, "आन् मासं?" तो म्हणाला, "मावशी, रकाना येकच हाय. त्यात येकच बसतंय."

माणूस वाईट नव्हता. रकानाच तसा होता. पण त्या एका रकान्यानं आमच्या वस्तीची निम्मी कमाई आणि निम्मं जेवण पुसून टाकलं. आणि जे कागदावर नाही, ते घेताना सरकारला काही घेतल्यासारखं वाटतच नाही.

उजनीचंच बघा. धरण पुरं झालं १९८० साली. इंदापूर, दौंड, करमाळा, माढा, कर्जत एवढ्या तालुक्यांत पाणी पसरलं. पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यात गेलं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की अजून वर डोकावतं. तेव्हा भूसंपादनाचा कायदा होता इंग्रजांचा, १८९४ चा. तो जमिनीचा भाव करायचा, घराचा, विहिरीचा, झाडाचा करायचा. पण नदीतल्या डोहाचा भाव त्यात नव्हता. ज्याच्या नावावर सातबारा, त्याचं नाव यादीत. ज्याचं पोट डोहावर, त्यानं काय दाखवायचं? जाळं? आमच्या म्हाताऱ्यांना पुढं धरणात मासे मिळाले हे खरं. भिगवणच्या मासळी बाजारात आज रोहू, कटला, चिलापी, मरळ, वांब असा ढीग पडतो. पण तो हक्क म्हणून मिळाला नाही. परवाने आले, ठेके आले, आणि आपल्याच नदीत आम्ही परवानगी मागणारे झालो.

हे फक्त इंदापूरचं रडगाणं नाही. जगभर हेच आहे. संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना, म्हणजे एफएओ, अमेरिकेतलं ड्यूक विद्यापीठ आणि वर्ल्डफिश ही संस्था, ह्या तिघांनी मिळून लहान मासेमारीची मोजदाद केली. ५८ देशांत अभ्यास केला आणि २०२३ साली पुस्तक काढलं. त्याच्या नावाचा अर्थच "लपलेली सुगी" असा आहे. त्यांना काय दिसलं?

जगात समुद्रातून, नद्यांतून, तळ्यांतून जेवढी मासळी धरली जाते, तिच्यातली १०० किलोमागं किमान ४० किलो लहान मासेमार धरतात. म्हणजे छोटी होडी, गळ, पाग, हातजाळं असली माणसं. मासे धरणं, साफ करणं, वाळवणं, विकणं ह्या कामांत जेवढे लोक आहेत, त्यांतले दहापैकी नऊ ह्या लहान मासेमारीत आहेत. असे सुमारे ६ कोटी लोक, त्यांत २ कोटींवर बाया. आणि शिवाय ५ कोटींच्या वर लोक नुसते घरच्या खाण्यापुरते मासे धरतात. त्यांच्यात तर जवळजवळ निम्म्या बायाच.

५ कोटी! आपण तिथं आहोत, साथींनो. चढणीचे मासे धरणारे आपण त्या आकड्यात बसतो.

मग इतके दिवस हे दिसलं का नाही? कारण साधं आहे. समुद्राच्या बंदरावर मासळी उतरते तिथं मोजणारा माणूस उभा करता येतो. कोचीची सागरी मत्स्य संशोधन संस्था वर्षानुवर्षं तसा हिशेब घेते. ओढ्याला बंदर कुठलं? आपली मासळी पाण्यातून थेट चुलीवर जाते. मधे वजनकाटाच नाही. दुसरं, आपण मासे बारा महिने धरत नाही. चार महिने मासे, चार महिने शेती, चार महिने मजुरी. सरकारला एका माणसाचा एकच धंदा कळतो. तिसरं, ह्यातलं बरंचसं काम बाया-पोरांचं. खेकडे, बारकी मासळी, शिंपले गोळा करणं ह्याला आपणच काम म्हणत नाही. "ती काय, ओढ्यावर गेलीती" असं म्हणतो. आधी ही आपली चूक कबूल करू.

आता एक साधा हिशेब घाला. साठ उंबऱ्यांचं गाव धरा. पावसाळ्याचे चार महिने, म्हणजे सतरा आठवडे. एका घरात आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा किलो मासे. घरामागं सतरा किलो झाले. साठ घरांचे एक हजार वीस किलो, म्हणजे एक टन. किलोला दीडशे रुपये धरले तर दीड लाखाच्या वर माल झाला. आणि पैसा सोडा. बारका मासा आपण डोक्या-काट्यासकट खातो. पोराच्या हाडाला लागणारा चुना, डोळ्याला लागणारं जीवनसत्त्व त्यात असतं. गरोदर बाईच्या ताटात तो आयता येतो. एवढं सगळं देणाऱ्या ओढ्याला सरकारी कागदात "नाला" म्हणतात आणि विषय संपतो.

आता कायदा काय म्हणतो ते नीट ऐका. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३ (१) मध्ये सामूहिक हक्कांत मासे आणि पाणवठ्यातली इतर पैदास स्पष्ट लिहिली आहे. सामूहिक दाव्याच्या अर्जात मासे आणि पाणवठे ह्यांच्यासाठी वेगळी ओळ आहे. नियम १३ मध्ये पुरावा म्हणून मासेमारीच्या जागा दाखवता येतात, आणि गावातल्या जाणत्या माणसांचं सांगणं लिहून घेतलं तर तेही पुराव्यात धरतात. पण मी जे दावे डोळ्यांनी पाहिले, त्यांत जळाऊ लाकूड आहे, हिरडा आहे, मध आहे, चराई आहे. माशांची ओळ कोरी. कोणी अडवलं नव्हतं. आपल्याच ध्यानात आलं नाही.

दुसरा कायदा २०१३ चा, नव्या भूसंपादनाचा. त्यात जंगलावर नाहीतर पाण्यावर ज्यांचं मुख्य पोट आहे, ते मासेमार, नावाडी, वनोपज गोळा करणारे, ह्यांनाही बाधित कुटुंब मानलंय, नावावर जमीन नसली तरी. पण अट आहे. संपादनाच्या आधीची तीन वर्षं पोट त्यावर असलं पाहिजे. धरण, खाण, रस्ता कधी येईल ते कोण सांगणार? नोटीस आल्यावर तीन वर्षं मागं जाऊन वही लिहिता येत नाही. वही आजच सुरू करावी लागते.

मोजलं की मिळालंच, असं मात्र मी म्हणणार नाही. खोटी आशा दाखवायला ही पत्रिका नाही. मध्य प्रदेशात तवा धरणावर विस्थापित आदिवासींनी लढून १९९६ साली मासेमारीचा हक्क मिळवला. तवा मत्स्य संघ काढला, दहा वर्षं स्वतः कारभार केला, हिशेब ठेवला. २००६ संपताना मुदत सरली, सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचं कारण पुढं आलं आणि करार पुढं चालू ठेवला नाही. हिशेब होता, तरी हक्क गेला. कारण करार म्हणजे हक्क नव्हे. करार मुदतीचा असतो.

नागपूरकडच्या पेंच नदीवरच्या तोतलाडोहचं वेगळं. राष्ट्रीय उद्यानातून उठवलेल्या आदिवासींना तिथं मध्य प्रदेश सरकारनं मासेमारीचे ३०५ परवाने दिले होते. ते रद्द करा म्हणून सुप्रीम कोर्टात दावा गेला. १९९७ साली कोर्टानं परवाने रद्द केले नाहीत. फोटोचं ओळखपत्र, काठावर चूल पेटवायची नाही, अशा अटी घातल्या. ३०५ हा आकडा कागदावर होता म्हणून त्यांची बाजू तरी मांडता आली. पण ज्याचं नाव त्या ३०५ मध्ये नव्हतं, त्याला त्या निकालात जागा नव्हती. मोजणी दुसऱ्याच्या हातात असली की असं होतं. कोण आत, कोण बाहेर, हे तोच ठरवतो.

आणि आपल्याच जिल्ह्यातलं चांगलं उदाहरण घ्या. आंबेगावात घोड नदीवर डिंभे धरण झालं. ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्या आदिवासींनी हात बांधून बसायचं नाकारलं. 'शाश्वत' संस्थेच्या सोबतीनं मच्छीमारांची सहकारी संस्था उभी केली, पाण्यात पिंजरे लावून बीज वाढवलं, पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीवर पिकं घेतली. त्या कामाला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. पारितोषिकापेक्षा मला एक गोष्ट मोठी वाटते. पाणी ज्यांच्या घरावरून गेलं, ते पुन्हा त्या पाण्याचे कारभारी झाले.

मागं एका बैठकीत मी वहीचा विषय काढला तर एक आजोबा म्हणाले, "लिवू नगा रं बाबांनो. लिवलं की ठेकेदाराला वास लागतो. आज कुणाला ठावं न्हाय म्हणून तर डोह ऱ्हायलाय." बैठक गप्प झाली. मीही झालो.

त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पण घरी येऊन विचार केला. ठेकेदाराला आपल्या डोहाचा भाव ठाऊक असतोच. तो काठावर उभा राहून हिशेब करतो. ठाऊक नसतो तो आपल्यालाच. म्हणून माझं उत्तर असं, की वही लिहायची, पण ती ग्रामसभेच्या पेटीत ठेवायची. कुणी साहेब, कुणी संस्था, कुणी विद्यार्थी मागायला आला तर ग्रामसभेनं ठराव करून, कशासाठी ते विचारून, मग दाखवायची. मूळ प्रत बाहेर जाऊ द्यायची नाही. डोहाचा नेमका पत्ता बाहेरच्याला सांगायचा की नाही, तेही गावानंच ठरवायचं.

वही कशी? शाळेची दोनशे पानी चालेल. तीन रकाने आखा. पहिल्यात दिवस आणि जागा, तुमच्या बोलीतल्या नावानं. दुसऱ्यात कोणी धरले, कोणते, किती. काटा नसला तर पाटी, वाटा, मूठ, जे माप गावात चालतं ते लिहा, आणि ते माप एकदा किलोवर तोलून ठेवा. तिसऱ्यात पुढं काय झालं. खाल्ले, शेजारी वाटले, वाळवले, की विकले आणि काय भावानं. रोज सगळ्या घरांचं जमणार नाही. आळीपाळीनं दहा घरं घ्या, आठवड्यातून एक दिवस. लिहिणारी बाई असू द्या, कारण ओढ्यावर काय आलं ते चुलीजवळ कळतं. शाळेत जाणारी पोरगी असली तर आणखी चांगलं.

ह्या वहीतून आणखी एक गोष्ट कळेल. कोणता मासा कमी झाला. आमच्याकडं उजनीत पुण्या-पिंपरीचं सांडपाणी येतं. जुने नदीचे मासे कमी झाले, चिलापी माजली, हे म्हातारे सांगतात. पण कधीपासून, किती, ह्याचं लेखी आमच्याजवळ काही नाही. तीस वर्षांमागं कोणी वही ठेवली असती तर आज त्या घाणीचा हिशेब मागता आला असता. बारीक डोळ्याच्या जाळ्यानं पिल्लं उपसणारे, पाण्यात विष किंवा सुरुंग टाकणारे आपल्यातही असतात. वहीत घट दिसली की त्यांना ग्रामसभेत उभं करून विचारता येईल.

आमच्या वस्तीवर ह्या मृगापासून वही सुरू झाली. लिहिते माझी पुतणी, सांगते चुलती. पहिल्या पानावर चुलतीनं मुख्य धंद्याचे दोन रकाने पाडून घेतले. एकात मजुरी, दुसऱ्यात मासं.

तुमच्या सामूहिक दाव्याची प्रत घरात असेल तर आज रात्री काढून बघा. माशांची ओळ कोरी असली तर पुढच्या ग्रामसभेत विषय घ्या. बैठकीला येताना वही घेऊन या, निम्मी भरलेली असली तरी चालेल.

— इंदापूरचा एक साथी