वारसनोंद : शेतकऱ्याचे दुर्लक्षित कर्तव्य

जमिनीचा कस टिकविण्यासाठी शेणखत, बांधबंदिस्ती व पिकांची फेरपालट यांकडे लक्ष पुरविणारा शेतकरी त्याच जमिनीच्या दप्तराविषयी मात्र उदासीन असतो. सातबारा उताऱ्यावर मयत आजोबांचेच नाव चालू आहे, अशी खाती आजही आढळतात. ही उदासीनता किडीइतकीच घातक होय. मात्र तिचे नुकसान एका हंगामात दिसत नाही, ते पुढील पिढीला भोगावे लागते.

गावनमुना ७ मध्ये भूधारकाचे नाव, क्षेत्र, आकार, कर्जाचा बोजा व इतर हक्क यांची, तर गावनमुना १२ मध्ये पिकांची नोंद असते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातील नोंद, तद्विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. तथापि नोंदीमुळे मालकी निर्माण होत नाही. मालकी मिळते ती खरेदीखत, वारसा, वाटप, बक्षीसपत्र अथवा मृत्युपत्र यांमुळे. नाव लागले नाही म्हणून वारसाचा हक्क बुडत नाही.

मग नोंदीची निकड कशासाठी, असे कोणी विचारील. पीककर्ज, अनुदान व भूसंपादनाचा मोबदला हे सारे व्यवहार उताऱ्यावरील नावापासूनच सुरू होतात. विलंब होईल तसतसे वारस वाढतात, जुने दाखले मिळेनासे होतात आणि साध्या नोंदीचे रूपांतर दाव्यात होते.

वारसाने हक्क प्राप्त झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वर्दी द्यावी, असे कलम १४९ सांगते. मृत्यूचा दाखला व सर्व वारसांची नावे सादर करावीत. त्यावरून फेरफार नोंदवहीत नोंद होते, संबंधितांना नोटीस दिली जाते व हरकत नसल्यास मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतात.

येथे ‘सर्व वारस’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. हिंदू कुटुंबात पत्नी व आई यांनाही वारसा असतो. हिंदू उत्तराधिकार (सुधारणा) अधिनियम, २००५ ने वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. हा हक्क जन्मापासूनचा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. तरीही बहिणींची नावे वगळून वर्दी देण्याची अथवा साध्या कागदावर त्यांच्या सह्या घेण्याची रीत अनेक ठिकाणी चालू आहे. अशी वर्दी म्हणजे भावी तंट्याची पेरणीच होय. बहिणीस स्वखुशीने हक्क सोडावयाचा असल्यास हक्कसोडपत्र रीतसर नोंदवावे. परंतु त्यासाठी तिच्यावर दडपण आणणे अन्यायाचे आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे काम केवळ महसूल खात्याचे आहे, असे समजू नये. बी-बियाण्यांच्या सभेस येताना प्रत्येक खातेदारास आपला उतारा आणावयास सांगावे व तो मोठ्याने वाचून दाखवावा. ज्या उताऱ्यावर मयताचे नाव आढळेल, त्या कुटुंबाची वर्दी पुढील सभेपूर्वी दिली जाईल, असे पाहावे.