रोगाने मेलेला देह आणि जातीचा विटाळ



आज ज्या विषयावर आपणांशी बोलावयाचे आहे, तो अमंगळ म्हणून घरोघर टाळला जातो. सांसर्गिक रोगाने मृत झालेल्या माणसाचा देह रुग्णालयातून कसा न्यावा, तो कोणी वाहावा आणि त्यास अग्नी कोठे द्यावा, हा तो विषय होय. २०२० व २०२१ या दोन वर्षांत कोरोनाच्या साथीने हा प्रश्न गावोगावच्या वेशीवर आणून उभा केला. साथ ओसरली आणि लोक तो विसरले. आपणांस तो विसरून चालणार नाही. मयताच्या प्रसंगाभोवती जितका जातिधर्म साठून राहिला आहे, तितका दुसऱ्या क्वचितच प्रसंगाभोवती असेल. ज्यांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे त्यांची खरी परीक्षा याच प्रसंगी होते.

बेल्ह्याचेच उदाहरण घ्या. कल्याण-नगर रस्त्यावरील हे बाजाराचे गाव. अशा गावांतील आपल्या पुष्कळ कुटुंबांची एक शाखा पोटासाठी मुंबईस तर दुसरी पुण्यास असते. माणूस तेथे आजारी पडतो, तेथल्याच रुग्णालयात प्राण सोडतो, आणि त्याचा देह माळशेज घाटाने किंवा नारायणगावावरून गावी आणावा अशी घरच्यांची इच्छा असते. त्या वेळी दारात तीन प्रश्न एकदम उभे राहतात. सरकारी नियम काय आहे? गाव काय म्हणेल? आणि आपला धम्म काय सांगतो? दुःखाच्या घाईत या तिन्हींची गल्लत होते आणि गावाचा जुना नियम सरकारी नियमाचा अंगरखा घालून पुढे येतो. ही गल्लत कशी होते हे दाखविणे, हाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम सरकारी नियम पाहा. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १५ मार्च २०२० रोजी कोरोनाने मृत झालेल्यांच्या देहासंबंधी सूचना प्रसिद्ध केल्या. देह गळती न होणाऱ्या पिशवीत ठेवावा. पिशवीचा बाह्यभाग एक टक्का हायपोक्लोराइटच्या द्रावणाने निर्जंतुक करावा. नेणाऱ्यांनी हातमोजे, मुखपट्टी इत्यादी साधने वापरावीत. देह उतरविल्यावर गाडीही त्याच द्रावणाने स्वच्छ करावी. देहास स्नान घालू नये, मिठी मारू नये, मोठी गर्दी करू नये. पण त्याच सूचनांत हेही लिहिले होते की, नातलगांस अखेरचे दर्शन घडावे म्हणून पिशवी तोंडापाशी उघडता येईल. देहास स्पर्श न करता धर्मवचने म्हणता येतील. आणि दहनानंतरच्या राखेपासून कोणताही धोका नसल्यामुळे ती गोळा करता येईल. पहिला भाग सर्वांच्या तोंडी झाला. दुसरा भाग किती जणांस कोणी सांगितला? ज्यांना तो सांगितला गेला नाही, ते आपल्या माणसाचे तोंडही न पाहता परतले.

हे नियम रोगागणिक बदलतात, हेही ध्यानात ठेवावे. १९५४ साली झालेल्या भारतीय विमान (सार्वजनिक आरोग्य) नियमांनी प्लेग, पीतज्वर, अँथ्रॅक्स, ग्लँडर्स अशा रोगांनी मेलेल्यांचे देह परदेशातून या देशात आणण्यास मनाई केली. इबोलाने मेलेल्याचा देह अत्यंत संसर्गजन्य असतो. तेथे देहाला हात लावणे म्हणजे मरणास बोलावणे होय. कोरोनाच्या बाबतीत तितकी कठोरता शास्त्राने सांगितलेली नाही. म्हणजे नियम ठरतो तो रोगाच्या स्वभावावरून. मृताची जात कोणती आणि त्याचे घर वेशीच्या आत की बाहेर, याच्याशी जंतूचा काडीचाही संबंध नाही.

नियमाची अंमलबजावणी माणुसकी सोडून झाली म्हणजे नियमच फसतो, हा अनुभवही जुना आहे. साथीच्या रोगांचा कायदा १८९७ साली मुंबई-पुण्याच्या प्लेगात झाला. सोजीर घरांत घुसू लागले, तेव्हा लोकांनी रोगी दडविले आणि प्रेतेही दडविली. रोग अधिकच पसरला. पश्चिम आफ्रिकेत २०१४ साली इबोलाच्या साथीत हेच घडले, आणि त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेला दफनाचे नियम बदलून कुटुंबास व धर्मगुरूंस त्यांत स्थान द्यावे लागले. सुरक्षितता आणि सन्मान ही एकाच गाडीची दोन चाके आहेत.

त्याच १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातील एका प्लेगग्रस्त मुलास पाठीवर घेऊन डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात पोहोचविले, आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. संसर्ग म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होते. विटाळ मात्र त्यांनी मानला नाही. संसर्ग आणि विटाळ यांतील भेद यापेक्षा स्पष्ट कोणी दाखविला असेल काय?

आता गावाचे म्हणणे ऐका. गावकीचे कैवारी म्हणतात, "आम्ही जात पाहात नाही, रोग पाहतो, म्हणून तुमचे प्रेत या स्मशानात नको." त्यांस एकच प्रश्न विचारावा : हाच नियम पाटलाच्या घरच्या प्रेतासही लागू आहे काय? असेल, तर लेखी आदेश दाखवा. नसेल, तर तो आरोग्याचा नियम नव्हे. महाराष्ट्रातील पुष्कळ गावांत जातीपरत्वे स्मशाने वेगळी आहेत. ही वाटणी कोणत्या रोगाच्या साथीत झाली? जी भिंत साथ येण्यापूर्वी शेकडो वर्षे उभी होती, तिला साथीचे कारण सांगणे हा शुद्ध कांगावा आहे.

आणि प्रेत वाहण्याच्या कामाचे काय? मयताचा सांगावा परगावी नेणे, चितेस सरपण पुरविणे, मेलेले जनावर ओढणे ही कामे वतनाच्या नावाखाली आपल्या वाडवडिलांच्या गळ्यात बांधलेली होती. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडास मृत जनावरांचे काम सोडण्याचा उपदेश केला, १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यास दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले, आणि पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. वतन कागदावरून गेले. मनातून गेले काय? साथीत शववाहिनीवर आणि स्मशानात कोणत्या समाजाचे हात राबत होते ते आठवा. हे काम हलके आहे असे आम्ही म्हणत नाही. संकटकाळी ते अत्यंत थोर काम आहे. थोर आहे म्हणूनच ते शिक्षणाने, पूर्ण वेतनाने, संरक्षक साधनांनिशी आणि सर्व जातींच्या माणसांनी केले पाहिजे. "हे तुमचेच काम" असे म्हणून जो हातमोजेही न देता आपल्या तरुणास प्रेतास हात लावावयास सांगतो, तो रद्द झालेले वतनच पुन्हा लादतो आहे.

न्यायालयांची दृष्टी याबाबत स्वच्छ आहे. परमानंद कटारा यांच्या १९९५ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, घटनेच्या २१ व्या कलमातील सन्मानाचा हक्क मृत्यूनंतर देहासही पोहोचतो. मुंबई महानगरपालिकेने ३० मार्च २०२० रोजी कोरोनाने मेलेल्या सर्वधर्मीयांचे दहनच करावे असे परिपत्रक काढले, व ते तिला लगेच बदलावे लागले. पुढे वांद्रे येथील दफनभूमीत अशा देहांचे दफन होऊ नये म्हणून काही रहिवासी उच्च न्यायालयात गेले. २२ मे २०२० रोजी मुख्य न्यायमूर्ती दीपंकर दत्ता व न्यायमूर्ती एस. एस. शिंदे यांनी त्यांची मागणी फेटाळली. प्रेतापासून हा रोग पसरतो यास शास्त्रीय आधार नाही आणि सन्मानपूर्वक अंत्यविधी हा हक्क आहे, असे त्यांनी म्हटले. मुंबईतील मुसलमान बांधवांच्या दफनाबाबत जे खरे, ते बेल्ह्यातील बौद्धाच्या दहनाबाबतही खरेच आहे.

राहिला धम्माचा प्रश्न. वैदिक आचारात प्रेत अपवित्र, अस्थी अपवित्र आणि त्यांस शिवणाराही अपवित्र. आमच्या धम्मात तथागतांच्या अस्थींचे आठ भाग झाले आणि त्यांवर स्तूप उभारले गेले. ज्या जुन्नर तालुक्यात आपण राहता, तेथील लेण्याद्रीच्या व तुळजा लेण्याच्या चैत्यगृहांत पूजेच्या स्थानी स्तूपच कोरलेला आहे. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या चौपाटीवर, बाबासाहेबांच्या अंत्यविधीच्या प्रसंगीच, भदंत आनंद कौसल्यायन यांनी असंख्य लोकांस धम्मदीक्षा दिली. विटाळ मानणाऱ्या धर्मात प्रेताशेजारी कोणी दीक्षा देईल काय? अतिसाराने मलमूत्रात पडलेल्या भिक्षूस बुद्धांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी धुतले, ही विनयातील कथा आपण वाचलीच असेल.

म्हणून आपल्याच घरातील दोन खोडी मोडल्या पाहिजेत. एक, रोग लपवून प्रेत गुपचूप आणण्याची व सवयीने त्यास आंघोळ घालण्याची. संसर्ग पसरेल असे निष्काळजी वर्तन हा गुन्हा आहे, आणि करुणेस सोडून केलेले ते कर्मही आहे. दुसरी, पिंड आणि दहावे-तेरावे हळूच चालू ठेवण्याची. १४ ऑक्टोबर १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. दुरून त्रिशरण-पंचशील म्हणण्यास कोणत्याही आरोग्यनियमाची आडकाठी नाही. उलट आपला साधा विधी अशा वेळी सर्वांत सोयीचा ठरतो.

तेव्हा असा प्रसंग आल्यास पुढीलप्रमाणे वागावे. रुग्णालयाकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला व देह नेण्याविषयीच्या सूचना लेखी मागाव्यात आणि त्या तंतोतंत पाळाव्यात. निघण्यापूर्वी ग्रामपंचायतीस व पोलिस ठाण्यास कळवावे. कोणी स्मशान अडविल्यास तोंडी वाद न घालता लेखी आदेश मागावा. आदेश नसेल, तर तेथल्या तेथे तक्रार द्यावी. सार्वजनिक स्मशानाचा वापर अस्पृश्यतेच्या कारणाने नाकारणे १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यातही जानेवारी २०१६ पासून तसा स्पष्ट उल्लेख आहे. "तुम्ही बौद्ध झालात, आता हा कायदा तुम्हांस नाही," असे कोणी म्हटल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांस १९९० च्या दुरुस्तीने ते संरक्षण आहे. त्यासाठी जातीचा दाखला घरात तयार असावा. वकिलास पैसे नसतील, तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. अनुसूचित जातीच्या व्यक्तीस उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य साहाय्य मिळते.

आरोग्याचा नियम सर्वांच्या आधी आपण पाळावा, आणि जातीचा नियम एक दिवसही पाळू नये. पुढची साथ केव्हा येईल ते कोणी सांगू शकत नाही. ती येण्यापूर्वी बेल्ह्यासारख्या प्रत्येक गावच्या ग्रामसभेत उभे राहून, "स्मशान सर्वांचे एक" असा ठराव आपण मागितला पाहिजे.

जय भीम!