यंदाच्या दिवाळीत जुनं अंगावर घाला

दिवाळी तीन आठवड्यांवर आली आहे. घरोघरी माळे आवरले जातायत, कपाटं रिकामी होतायत. विटलेल्या साड्या, घट्ट झालेले शर्ट, मुलांना आखूड झालेल्या पँटी, सगळ्यांचं गाठोडं बांधून दाराशी ठेवलं जातंय. आणि त्याच संध्याकाळी अख्खं घर सेलला निघतंय. या गाठोड्याचं काय होणार, हे येत्या काही दिवसांतच ठरेल. ते तुम्ही ठरवणार आहात. म्हणून ते उंबऱ्याबाहेर जाण्याआधी एवढं ऐका. थांबा. गाठ सोडा.

ते गाठोडं कुठे जातं, याचा आपण कधी विचार केला? ओल्या कचऱ्यात पडलं, की तासाभरात कापड भाजीच्या देठांनी आणि चहाच्या चोथ्याने माखतं. मग कचरा वेचणारी बाईही त्याला हात लावत नाही. ते थेट डेपोत जातं. मुंबईत देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरावर किंवा दुसऱ्या कुठल्या शहराच्या वेशीवर. त्या डोंगरांच्या पायथ्याशीही घरं आहेत. तिथेही मुलं शाळेत जातात, तिथेही दिवाळी येते. पॉलिस्टर तिथे वर्षानुवर्षं कुजत नाही. सुती कापड कुजतं, पण ढिगाखाली हवेविना कुजताना मिथेन सोडतं. सूत आणि पॉलिस्टर एकत्र विणलं असेल तर ते वेगळं करून पुन्हा धागा काढणं फार अवघड. एलेन मॅकआर्थर फाउंडेशनने २०१७ साली मांडलेला हिशेब सांगतो, की जगभरात कपड्यांसाठी लागणाऱ्या मालापैकी १ टक्क्याहूनही कमी माल पुन्हा कपडा होऊन परत येतो. बाकी माल पुन्हा कपडा होत नाही.

तेव्हा गाठ सोडा आणि तीन ढीग करा. पहिला, आज घालता येईल असा. दुसरा, थोडं काम केलं की घालता येईल असा: बटण तुटलंय, टीप उसवलीय, चेन अडकतेय, कंबर सैल झालीय. तिसरा, खरोखर जीर्ण. तिसऱ्याची फडकी करा, पायपुसणी करा, गोधडीला ठेवा. घरात गोधडी शिवणारी आजी असेल तर तिच्याशेजारी नातीला बसवा, टाका बघू द्या. पहिला आणि दुसरा ढीग मात्र इतक्यात घराबाहेर काढू नका. यंदाची दिवाळी त्यातून उभी करायची आहे.

एवढी निकड का? कारण पाणी. एका सुती टी-शर्टमागे जागतिक सरासरीने सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं, असं सांगितलं जातं. त्यात कापसावर पडलेला पाऊसही मोजलेला असतो, आणि आपल्या विदर्भातला बराचसा कापूस त्या पावसावरच उभा असतो, हे खरं. तरीही तो आकडा लातूरकरांपुढे ठेवून बघा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पहिल्या गाडीत साधारण ५ लाख लिटर पाणी होतं. एका शहराचा जीव त्या गाडीकडे लागला होता. तेवढ्या पाण्यात सुमारे १८५ टी-शर्ट होतात. एखाद्या मॉलमधल्या एका दुकानाची एक भिंत. रंगाईचं पाणी त्यानंतर नदीत सोडलं जातं, ते वेगळंच. पंचगंगेच्या काठच्या माणसांना ते समजावून सांगायला नको.

तुमच्या हातात काय आहे? पुष्कळ आहे. जो कपडा आधीच विणला, रंगवला, शिवला गेलाय, त्याला नव्याने पाणी लागत नाही. तो घाला. आणि घालायचा तर नीट घाला, ऐटीत घाला. बाबांचा पांढरा सुती शर्ट घ्या, बाह्या दुमडा, जीन्सवर घाला. आईची इरकल काठाशी विरली असेल तर मधल्या चांगल्या भागाचा घेरदार परकर शिवून घ्या, तोच शर्ट त्यावर खोवून घाला. आत्याचा खणाचा ब्लाउज आणि तुमची साधी कॉटनची साडी, झाला ऑफिसचा पोशाख. जरीचे काठ शाबूत असतील तर ते उतरवून साध्या कुर्त्याला लावा. काकांची पँट कमरेत घट्ट करून घ्या, पुतण्याला कॉलेजात चालेल. लुगडं मधेच फाटलं असेल तर फाटका भाग कापून, उरलेले तुकडे जोडून दंड घाला. आपल्या आज्या तेच करत होत्या आणि लग्नाघरीही ताठ मानेने वावरत होत्या.

जोड्या जमत नाहीत, अशी तक्रार असते. तीही दूर होते. घरातले कपडे पलंगावर पसरा आणि दोन रंग पक्के धरा. निळा आणि पांढरा म्हणा, किंवा करडा आणि काळा. खालचे कपडे, म्हणजे पँट, सलवार, परकर, त्याच रंगांत ठेवा. वरचं मग कसंही असू द्या, छापील, चौकड्याचं, काठाचं. सगळं सगळ्यावर जाईल. पाच वरचे आणि तीन खालचे कपडे म्हणजे पंधरा जोड्या. आठवडे निघतील.

घरात नसेल ते जुन्या बाजारात शोधा. पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार आहे, तुमच्या गावच्या आठवडी बाजारातही एखादी ताडपत्री जुन्या कपड्यांची असेल. जा, पण डोळे उघडे ठेवून जा. शर्टाची कॉलर उलटून बघा, काखेतली शिवण बघा. पँटीची चेन दोनदा ओढा, बैठकीचा भाग उजेडासमोर धरा, विरलेलं कापड लगेच कळतं. रेशमाची घडी मोडून बघा, जुनं रेशीम घडीवरच तुटतं. खांदे मात्र तुमच्याच मापाचे हवेत. बाकी सगळं शिंपी सांभाळतो, खांदा सांभाळणं महाग पडतं. शिवणीत माया सोडलेली असेल तर कपडा एखादं बोट सैलही करता येतो. बुरशीचे काळे ठिपके असतील तर सोडून द्या. घरी आणलं की सुती कपडे कडक गरम पाण्यात धुवा, दोन दिवस कडक उन्हात टाका, शिवणींवरून गरम इस्त्री फिरवा. मग निर्धास्त घाला.

पाण्याखेरीज दुसरं संकट माणसांचं आहे, आणि ते आपल्या दारातच उभं आहे. बोहारीण आठवते? डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्याला गाठोडं. चार साड्यांवर एक पातेलं, दोन पँटींवर डबा, आणि त्यावरून तासभर घासाघीस. या बायका, त्यातल्या कित्येक वाघरी समाजातल्या, पिढ्यान्‌पिढ्या आपल्या शहरांचे कपडे वाचवत आल्या. त्यांनी नेलेला कपडा घरी धुतला जातो, सांधला जातो, इस्त्री होऊन पहाटेच्या बाजारात जातो आणि एखाद्या हमालाच्या, गवंड्याच्या अंगावर आणखी वर्षभर टिकतो. आज सोसायटीच्या फाटकावर तिला अडवतात. मोबाइलवरून आत सोडायच्या यादीत तिचं नाव नसतं. गल्लीतला रफूवाला उठून गेला. शिंप्याकडे दुरुस्तीचं काम येत नाही, कारण दुरुस्तीच्या पैशात सेलमध्ये नवं मिळतं. त्याचा मुलगा मशीनवर बसायला तयार नाही. हे हात एकदा गेले, की परत कुठून आणणार?

त्यांना आजच काम द्या. सोसायटीच्या बैठकीत विषय मांडा: आठवड्यातला एक दिवस बोहारणीला आत येऊ द्या, जिन्याखाली बसायला जागा द्या, पाणी विचारा. शिंप्याकडे याच आठवड्यात जा. पुढच्या आठवड्यात तो ‘आता दिवाळीनंतरच’ म्हणेल, आणि त्याचं बरोबर असेल. चार कपडे एकदम न्या. दुरुस्तीचे सांगेल ते पैसे द्या. कापडाच्या दुकानात आपण घासाघीस करत नाही, मग त्याच्याच टपरीवर का करायची?

आता सगळ्यात अवघड गोष्ट. लाज. ‘दुसऱ्याचं उतरलेलं आम्ही घालायचं?’ हा प्रश्न साधा नाही, तो हसण्यावारी नेऊ नका. या देशात शतकानुशतकं काही माणसांवर उतरलेले कपडे लादले गेले, अपमान म्हणून लादले गेले. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना लुगडं कसं नेसावं हे सांगितलं, अंगावर ठिगळं असली तरी कपडा स्वच्छ ठेवा म्हणून सांगितलं, ते त्या अपमानाला दिलेलं उत्तर होतं. ज्या घराने नवा कोरा कपडा झगडून मिळवला, त्या घराला ‘जुनं घाला’ म्हणून शिकवण्याचा अधिकार कुणालाही नाही. हे आवाहन त्यांना नाही. ज्यांच्या कपाटाचं दार लागत नाही, ज्यांच्या घरात लेबल न काढलेले कपडे दोन दिवाळ्या पडून आहेत, त्यांना आहे. म्हणजे तुम्हाला आणि मला.

आणि म्हणूनच नुसतं देऊन भागणार नाही. आपण आजवर देतच आलो. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत देशभरातून कपडे पोचले आणि त्यातले कित्येक रस्त्याच्या कडेला ढिगांनी पडून राहिले. मासेमार बायकांना नको असलेले, न शोभणारे, फाटके. १९९९ पासून कपड्यांचं काम करणाऱ्या ‘गूंज’ संस्थेने ते उचलून निवडले, कामी लावले. आपण कपाट रिकामं केलं, मन हलकं केलं आणि ओझं दुसऱ्याच्या दारात ठेवलं. द्यायचं असेल तर धुऊन, बटणं लावून, घडी घालून द्या. स्वतःच्या बहिणीला द्याल तसं द्या. पण त्याआधी एक जुना कपडा स्वतःच्या अंगावर घाला. आपण घातलं तरच जुन्याची लाज जाईल. कामवाल्या मावशींना दिल्याने ती जाणार नाही.

मुलं बघत असतात. दर सणाला, दर वाढदिवसाला, दर सहलीला नवा कपडा लागतोच, हे त्यांना आपणच शिकवलं. पुढे पहिल्या पगाराचे पैसे हप्त्यांत जातात, तेव्हा आपणच कपाळाला हात लावतो. खरं तर या घरात आलेल्या प्रत्येक बाळाला आपण आधी जुनंच घातलं होतं. आजीच्या मऊ लुगड्याची बाळुती, आतेभावाचं झबलं. नवं कापड टोचेल म्हणून मुद्दाम जुनं. तेव्हा कुणाला कमीपणा वाटला नाही. उलट मागून आणलं होतं. ती समज आपल्या घरात आहे, ती फक्त बारशापाशीच थांबवू नका. ताईचा फ्रॉक धाकटीला देताना ‘उतरलेला’ म्हणू नका, ‘ताईचा’ म्हणा. धाकटीला खिसा हवा असेल तर लावून द्या, तिच्या आवडीची बटणं निवडू द्या. मग तो फ्रॉक तिचा होतो.

आता वेळ घालवू नका. आज रात्री जेवणं झाली की गाठोडं सोडा. उद्या तीन ढीग करा. शनिवारी शिंप्याकडे जा. रविवारी भावजयीला, मैत्रिणीला, शेजारच्या काकूंना घरी बोलवा, प्रत्येकीला पाच कपडे आणायला सांगा आणि अदलाबदल करा. चहा ठेवा, आरसा मधे ठेवा, मापं जुळवा. घरात प्रत्येकाचा एक पोशाख असा ठरवा, ज्यात नवं काहीच विकत घेतलेलं नाही. नवं घ्यायचंच असेल तर एकच घ्या, टिकेल असं घ्या, हातमागावरचं घ्या, आणि दहा वर्षं घाला.

पाडव्याला तोच जुळवलेला पोशाख घालून बाहेर पडा. कुणी विचारेल, ‘छान आहे, कुठून घेतलं?’ खरं सांगा. ‘आईची साडी, बाबांचा शर्ट, कोपऱ्यावरच्या शिंप्याची शिलाई,’ असं मोठ्याने सांगा. विचारणाऱ्याला त्या शिंप्याचा पत्ताही द्या. आणि त्याच्या घरातलं गाठोडं अजून दाराशीच असेल, तर ते सोडायला त्याच्यासोबत बसा.