मंडळावर दिव्यांग कोण?

नंदुरबार जिल्ह्यात पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींचा कायदा, लागू असलेल्या गावाचा सरपंच आदिवासीच असतो, आणि त्यात आता कुणाला वावगं वाटत नाही. १९९६ च्या त्या कायद्यामागचा विचार सरळ आहे: ज्यांच्या जगण्याचा निर्णय, त्यांचाच त्यात हात. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव इथल्या राजकारणाने तो पचवला. कधी खुशीने, कधी नाइलाजाने. दिव्यांगांसाठी चालणाऱ्या संस्थांच्या दारात मात्र हाच विचार अडतो. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा १९५० चा कायदा दरवर्षी हिशेबतपासणी मागतो, विश्वस्त बदलले की बदल अर्ज मागतो, संस्थेची जमीन विकायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी मागतो. दिव्यांगांच्या संस्थेच्या विश्वस्त मंडळावर निदान एक दिव्यांग असावा, असं तो कुठेच म्हणत नाही. मग ही गोष्ट संस्थापकांच्या मर्जीवर राहते. संस्थांनी स्वतःच्या घटनेतच एक तृतीयांश जागा दिव्यांगांना द्याव्यात, असं माझं मत आहे.

हा नुसता मानाचा प्रश्न नाही, पैसा कुठे खर्च होतो याचा आहे. मंडळावरच्या माणसांच्या मनात अपंगत्व म्हणजे कुबड्या आणि तीनचाकी असेल, तर साहित्यवाटपाची शिबिरं होणार, फोटो छापून येणार (पाहुण्यांची भाषणं वेगळी), आणि मोलगीकडच्या उतारावरच्या पाड्यात ती तीनचाकी झोपडीला टेकून राहणार. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारचं अपंगत्व मानलं. त्यात सिकलसेल आहे, आणि तो आजार आपल्या आदिवासी पट्ट्यात घरोघरी ओळखीचा आहे. सिकलसेलचा रुग्ण एरवी धडधाकट दिसतो. वेदनेचा झटका आला की कित्येक दिवसांची मजुरी बुडते. त्याला तीनचाकी नको, वेळेवर रक्त हवं, औषध हवं आणि प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी होणारे हेलपाटे टळायला हवेत. हे सांगणारा माणूस बैठकीत बसलेलाच नसेल, तर ते अंदाजपत्रकात येणार कुठून?

यावर पहिला आक्षेप असा की मंडळाला सनदी लेखापाल, डॉक्टर, वकील, देणगीदार लागतात. लागतातच, दोन तृतीयांश जागा त्यांच्याचसाठी आहेत. शिवाय दिव्यांगांमध्ये वकील किंवा लेखापाल नसतात, हे कुणी ठरवलं? कोल्हापूरच्या ‘हेल्पर्स ऑफ द हॅण्डिकॅप्ड’ची १९८४ साली स्थापना करून ती संस्था वाढवली ती चाकाच्या खुर्चीतल्या नसीमा हुरजूक यांनी. दुसरा आक्षेप, पालक बोलतात की दिव्यांगांच्या वतीने. पालकांचं मोल मोठं आहे, पण आई-वडिलांची चिंता आणि मुलाची इच्छा नेहमी एक नसते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने हे ओळखलं: त्याच्या केंद्रीय मंडळात पालकांच्या संघटनांचे तीन आणि दिव्यांगांच्या संघटनांचे तीन सदस्य वेगवेगळे धरले आहेत. तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ज्याला लाभ मिळतो त्यानेच लाभ कसा वाटायचा? पण सहकारी साखर कारखान्यांचे संचालक स्वतः ऊस पिकवतात आणि उसाच्या भावावर चर्चाही करतात. स्वतःच्या अर्जाचा विषय आला की त्या सदस्याने बैठकीतून उठावं, एवढा नियम पुरेसा आहे.

खरी भीती वेगळी आहे: एखाद्या दिव्यांगाला नावापुरतं घ्यायचं, सही घ्यायची आणि विसरायचं. ते टाळायचं तर धडगावहून येणाऱ्या सदस्याला प्रवासखर्च हवा, बैठक तळमजल्यावर हवी, कर्णबधिर सदस्य असेल तर दुभाषा हवा, आणि इतिवृत्त मराठीत लिहिलं तरी चर्चा पावरी-भिलीतूनही चालायला हवी. यावर होणारा खर्च एका शिबिराच्या मंडपाएवढाही नसेल.

देणगी देणाऱ्यांनी यापुढे ऑडिट रिपोर्टसोबत विश्वस्तांची यादीही मागावी, आणि तीत दिव्यांग किती, ते पावती फाडण्याआधी विचारावं.